अडतिसाव्या स्क्रीनवर न लिहिलेल्या तीन ओळी

शकील, तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मी धुळ्याला आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या घरी आले, तेही तू नसताना. आणि तिथे बसून मी तुझ्या मुलीशी खोटं बोलले. सुरुवात इथूनच करते. नाहीतर माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मूळ गोष्ट राहूनच जाईल.

घर माणसांनी भरलं होतं. तुझे भाऊ, चुलते, लूमवरची माणसं बाहेर बसली होती. आत तुझ्या बायकोपाशी, नसरीनपाशी, बायका. मला बघून कोणीतरी म्हणालं, जळगावच्या अक्का आल्या, त्यांच्या कॉम्प्युटरवाल्या. जागा करून दिली, पाणी दिलं. तुझी सना माझ्याजवळ येऊन बसली. तुझंच कपाळ आहे रे तिला. कॉलेजात कॉम्प्युटरच घेतलंय म्हणाली. मग आवाज खाली करून तिनं विचारलं, "अक्का, ते केळ्यांचं अब्बूंच्या हातून खरंच झालं होतं का?"

मी म्हणाले, "जुनी गोष्ट आहे बेटा, जाऊ दे."

बघ, 'हो' म्हणाले नाही, 'नाही'ही म्हणाले नाही. पण त्या पोरीला जे समजायचं ते समजलं. मान खाली घालून ती उठून गेली. परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत मी डोळे मिटून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं मला गाडी लागते. तिनं लिंबू दिलं.

आता वाचणाऱ्यांनाही कळायला हवं, म्हणून थोडं मागचं सांगते. तू कंटाळू नकोस.

जळगावच्या बाहेर नानांचं केळी पिकवायचं सेंटर आहे. बारा चेंबर, शिवाय कच्चा माल ठेवायच्या थंड खोल्या. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. शिक्षण दहावी आणि मराठी-इंग्रजी टायपिंग, बास. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी लावला. पुस्तक एका हातात, डिक्शनरी मांडीवर. आधी गेटपासची यादी केली, मग कॅरेटांची, आणि करता करता सगळ्या सेंटरचं सॉफ्टवेअर मी एकटीनं उभं केलं. कुठल्या चेंबरला किती तापमान, गॅस कधी सोडायचा, हवा कधी बदलायची, सगळं. शाळेत न गेलेल्या आजीला शिकणाऱ्या नातवाचं जेवढं कौतुक असतं ना, तेवढं मला त्या कोडचं होतं. कोणी एक ओळ हलवली तरी मी सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायचे.

आणि मग तू आलास. धुळ्याचा, पॉवरलूमवाल्यांच्या घरातला, शिकलेला, कॉम्प्युटरची जावा भाषा येणारा. पहिल्याच आठवड्यात माझी फंक्शनं, म्हणजे कोडमधले एकेका कामाचे तुकडे, वाचून हसलास. फंक्शनांची नावं मी मराठीत दिली होती, इंग्रजी अक्षरांत: नोंद करा, आकडा बदला, खोली उघडा. मला राग आला. तू म्हणालास, हसतोय कारण पहिल्यांदाच कोड वाचून मला कळलं की हे काय करतंय. नावं तशीच ठेवलीस. पुढे जुनं सगळं जावात आणलं, तेव्हाही नावं माझीच राहिली. त्याबद्दल मी तुला कधी शाबास म्हटलं नाही. आज म्हणते.

आपलं भांडण मात्र तीन ओळींवरून होतं. चेंबरमध्ये काहीही बदललं की कोणी बदललं, कोणतं चेंबर, किती वाजता, याची नोंद व्हायला हवी. त्या नोंदीच्या तीन ओळी मी प्रत्येक स्क्रीनच्या कोडमध्ये हातानं लिहिल्या होत्या. सदतीस स्क्रीन, सदतीस जागा. नवी स्क्रीन केली की तीन ओळी उचलायच्या, तिथे चिकटवायच्या आणि माझ्या वहीत बरोबरची खूण करायची. माझी पद्धत होती ती. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावते तशी.

तू अहिराणीत म्हणालास, "अक्का, बठ्ठं एकच शे, सगळं सारखंच. मग एकदाच लिहा ना."

तू मला समजावलंस ते अजून शब्द न् शब्द आठवतं. म्हणालास, माझे अब्बा पातळ विणायचे. काठ काय प्रत्येक वितीला वेगळा बसवतात का? ताण्यातच काठाचे धागे एकदा लावले की विणकर मधली वीण विणत जातो, काठ आपोआप शेवटपर्यंत येतो. तशी ही नोंद काठासारखी एका जागी लिहायची. 'आकडा बदलणारं कुठलंही फंक्शन चाललं की त्याच्या आधी आणि नंतर हे कर', एवढं एकदा सांगून ठेवायचं. याला अ‍ॅस्पेक्ट म्हणतात. ज्या फंक्शनचं काम चेंबर थंड करायचं आहे त्यानं फक्त चेंबर थंड करावं, नोंदीची काळजी त्याला नको.

मी म्हणाले, "माझ्या पातळाचा काठ मला डोळ्यांनी दिसतो. तुझा काठ कुठे दिसतो?"

आणि तो मुद्दा माझा खरा होता हं, शकील. फंक्शन वाचताना नोंद होतेय हे कुठेच दिसणार नाही, मग नव्या माणसाला कळणार कसं? तू म्हणायचास, सदतीस वेळा हात चालतो तेव्हा एखाद वेळी चुकतोच. मी म्हणायचे, ज्याचा हात चुकतो त्यानं कोड लिहू नये. एवढं उर्मट बोलायचे मी. तू हसून चहा घ्यायला जायचास आणि येताना माझाही आणायचास, बिनसाखरेचा.

तुझं आणखी एक मागणं होतं. नोंदीत नुसतं 'कोणी आणि कधी' नको, 'आधी आकडा किती होता, नंतर किती केला' हेही असू दे. मागणं अगदी बरोबर होतं. पण ते करायचं तर मला सदतीस जागी हात घालावा लागला असता. म्हणून मी म्हणाले, गरज नाही. खरं कारण तुला कळलं होतं. मला सुद्धा.

मग तो उन्हाळा आला. लाइट सारखी जायची आणि आल्यावर प्रत्येक खोलीचा आकडा एकेक करून पुन्हा द्यावा लागायचा. नाना म्हणाले, सगळ्यांना एकदम देता येईल असं काही कर. मी एका दुपारी स्क्रीन करून दिली. हव्या तेवढ्या खोल्यांवर टिक करा, आकडा टाका, बटण दाबा. अडतिसावी स्क्रीन. नाना खुश, पोरं खुश. घाईघाईत मी घरी गेले, भाचीच्या हळदीला. वहीत खूण केली. तीन ओळी लिहिल्या नाहीत. खूण आधी केली होती, ओळी नंतर लिहू म्हणून.

आठवड्याभरात सात नंबरचं चेंबर गारठलं. पिकायला ठेवलेल्या केळ्यांना थंड खोलीचा आकडा बसला होता. साल राखाडी पडली, पिवळेपणा आलाच नाही, भरलेलं चेंबर वाया गेलं. नोंद काढली. सात नंबरवर शेवटचं नाव तुझं, दुपारी चारचं.

नानांनी तुला ऑफिसात बोलावलं. मीही होते. तू शांतपणे सांगत होतास की मी सतरा डिग्री केलं होतं. दुपारी चारला हात लावला, आणि मशीनच्या तापमानाच्या कागदावर बघा, पारा उतरलाय संध्याकाळी सातनंतर. मधे कोणीतरी काहीतरी केलंय. नाना म्हणाले, मग त्याचं नाव का नाही? तू माझ्याकडे बघितलंस. आकडा नोंदीत असता तर तुझं सतरा तिथे दिसलं असतं. तो नव्हता, कारण मला सदतीस जागी हात घालायचा नव्हता.

नाना म्हणाले, "कॉम्प्युटर खोटं बोलस का? आणि आपल्या अक्कानं लिहिलेला?"

मी म्हणाले, "नोंदीत आहे ते आहे."

इथपर्यंत मी खोटी नव्हते, शकील. त्या क्षणी मला खरोखर वाटलं होतं की माझी नोंद चुकूच शकत नाही. गर्व होता, पण खोटेपणा नव्हता. खोटेपणा पुढे आहे.

दहा-बारा दिवसांनी मी स्वतः त्या नव्या स्क्रीनवरून थंड खोल्यांचे आकडे बदलले. नंतर सहज नोंद उघडली. माझं नाव नाही. मला वाटलं नोंद उशिरा येतेय. पुन्हा उघडली. मग कोड उघडला. तीन ओळींच्या जागी रिकामं. कोणी तरी त्या संध्याकाळी लाइट आल्यावर थंड खोल्यांसोबत सात नंबरवरही टिक केली असणार. कोणी, ते आजही कळलेलं नाही, कारण कळायची सोयच मी ठेवली नव्हती.

तू पलीकडच्या टेबलावर बसला होतास. तुझा चेंबरचा पासवर्ड काढून घेतलेला, लेबल छापायच्या मशीनवर बसवलेलं तुला. माझ्यापासून दहा पावलं. मी तीन ओळी चिकटवल्या. कोडमधला प्रत्येक बदल कोणाचा, कशासाठी, हे जपून ठेवायची व्यवस्था तूच सेंटरला लावून दिली होतीस. त्यात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. आणि उठून हात धुवायला गेले.

उद्या सांगेन म्हटलं. मग म्हटलं, नानांचा राग शांत होऊ दे. मग म्हटलं, आता इतके दिवस का बोलली नाहीस असं विचारतील. एकेक दिवस असा चढत गेला की त्याच्याखालून बोलणं निघेना. लोक म्हणतात लाज वाटली की माणूस सुधारतो. माझं उलट झालं. लाज वाटली म्हणून मी गप्प राहिले, आणि गप्प राहिले म्हणून जास्त लाज वाटली.

दोन महिन्यांनी तू नोकरी सोडलीस. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आलास. बॅग खांद्यावर होती. म्हणालास, "अक्का, काही सांगायचंय का?"

मी म्हणाले, "जेवून जा. डब्यात भरीत आहे."

आणि तू बसलास, जेवलास. कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडून म्हणालास, धुळ्याला असं भरीत मिळत नाही. तू ती 'किरकोळ दुरुस्ती' बघितली होतीस का, शकील? बदल बघण्यात तुझ्यासारखा वाकबगार दुसरा नव्हता. रोज सकाळी आल्याबरोबर आदल्या दिवशीचे सगळे बदल वाचायचास. पासवर्ड चेंबरचा काढला होता, कोड तर तुला दिसतच होता. मी या प्रश्नावर इतक्या वेळा विचार केलाय की आता त्याची धार गेलीय. माहीत असूनही तू भरीत खाल्लंस असं धरलं तर मला जमिनीत जावंसं वाटतं. माहीत नव्हतं असं धरलं तरी तेच.

नंतर तू धुळ्यात क्लास काढलास. ईदला तुझा फोन यायचा, दिवाळीला मी करायचे. कोडवर बोलायचो. तू विचारायचास, अजून सदतीसच? मी म्हणायचे, आता एकेचाळीस. तू हसायचास. कधी कधी वाटायचं तू वाट बघतोयस. मी सांधेदुखीचं सांगायला लागायचे.

आणि एका सकाळी फोन नसरीनच्या भावाचा आला.

तुझ्या घरून परत आल्यावर मी दुसऱ्याच दिवशी ते काम काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. नाना म्हणाले, चालतंय ते कशाला उचकतेस? मी म्हटलं, चालत नव्हतं, फक्त थांबलं नव्हतं.

तुझ्या पद्धतीनं केलं. तू सांगायचास ना, आधी जसं चालतंय तसं तपासणाऱ्या चाचण्या लिहून घ्या, मग हात लावा. घर आवरताना भिंत पाडायची नसते. तशा लिहिल्या. मग एकेक स्क्रीन घेतली. माझं ते लांबलचक फंक्शन, ज्याला तू मालगाडी म्हणायचास, त्याचे डबे सोडवले. एकच काम चार ठिकाणी चार नावांनी होतं, ते एका ठिकाणी आणलं. वागणं बदललं नाही, फक्त मांडणी बदलली. मग एकेचाळीस जागच्या तीन-तीन ओळी काढल्या. काढताना बोट थबकायचं. प्रत्येक जागा मला आठवत होती, ती कधी लिहिली, तेव्हा बाहेर कोण ओरडत होतं. शेवटी नोंद एका जागी लिहिली: कोणी, कधी, कोणतं चेंबर, आधी किती, नंतर किती. तुझं मागणं. मला वाटलं होतं महिना लागेल. नऊ दिवस लागले रे. तुझं नाव वाचवायला नऊ दिवस लागले असते.

आणि एक सांगते. चाचण्या चालवल्या तर तीन जागी नोंद होईना. मी डोकं धरून बसले. मग सापडलं. तुझा काठ बाहेरून हाक मारली तरच लागतो. एकाच क्लासमधल्या, म्हणजे कोडच्या एकाच गठ्ठ्यातल्या, एका फंक्शननं आतल्या आत दुसऱ्याला हाक मारली तर त्याला पत्ताच लागत नाही. म्हणजे मी म्हणत होते ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं! न दिसणारी गोष्ट दगा देते. मी फोन उचलला. तुझं नाव काढलं. अंगठा बटणावर होता तेव्हा ध्यानात आलं. किती आनंदानं भांडले असते मी त्या दिवशी. तू म्हणाला असतास, अक्का, ती फंक्शनं मुळात एका क्लासमध्ये कोंबली कोणी? आणि मी तिथेच हरले असते. त्यांना वेगळ्या क्लासमध्ये हलवलं. आता सगळीकडे नोंद होते. भांडण मात्र तसंच राहिलं, माझ्या एकटीकडे.

मग नानांकडे गेले. सगळं सांगितलं, त्यांना समजेल अशा भाषेत. अडतिसावी स्क्रीन, राहिलेल्या ओळी, हळद, वही. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. ते चिडतील म्हणून मी तयार होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तुले हाई कव्हय समजनं?"

कधी समजलं. बाकी काही नाही, हाच प्रश्न. म्हटलं, तो इथे होता तेव्हाच. तो गेला नव्हता.

नानांनी खिडकीबाहेर भरत असलेल्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, माणूस गेला, आता कोणासाठी उकरतेस. मी म्हटलं, त्याला एक मुलगी आहे.

परवा पुन्हा धुळ्याला आले. या वेळी घरात गर्दी नव्हती. नसरीन इद्दतीत, नवऱ्यामागे पाळायच्या दिवसांत, म्हणून बाहेर पडत नाही. आतल्या खोलीत तिच्यासमोर बसले. सना दाराशी उभी होती. मी सांगितलं. शब्द जुळवून आणले होते, ते एसटीतच राहिले. जसं आलं तसं बोलले.

नसरीन रडली नाही. ती मला जे सांगत गेली ते मला माहीतच नव्हतं. तू घरी कधी सफाई दिली नाहीस. भाऊ विचारायचे तर म्हणायचास, नोंदीत माझंच नाव होतं. मग घरात ती थट्टाच पडली. लग्नात पंगतीला केळी आली की कोणीतरी म्हणणारच, आधी शकीलमियांना विचारा, थंड तर नाही ना. तूही हसायचास म्हणे. सना लहान होती तेव्हा तीही हसायची. पुढे ती कळती झाली आणि केळं आलं की पंगतीतून उठून जायला लागली.

मी नसरीनचे पाय धरायला वाकले. तिनं हात धरला, पाय मागे घेतले. म्हणाली, "तुम्ही तिसऱ्याला आलात तेव्हा सांगायला हवं होतं, अक्का. तेव्हा सगळे बसले होते. हसणारे सगळे."

मी पदर सावरून पुन्हा खाली बसले.

"मला एकटीला सांगून काय? मी कधी हसलेच नाही. मंगळवारी त्यांचा चाळिसावा दिवस आहे. तेव्हा या. सगळे येतील. त्यांच्यासमोर सांगा."

सनानं मला स्टँडपर्यंत सोडलं. गाडी लागली तेव्हा एवढंच विचारलं, अब्बूंना माहीत होतं का? मी म्हटलं, मला माहीत नाही बेटा, आणि हे मी खरं सांगतेय. तिनं माझी पिशवी आत ठेवली आणि खिडकीशी न थांबता परत गेली. बरोबर केलं तिनं.

शकील, मला चारचौघांत बोलायची सवय आहे असं सगळ्यांना वाटतं. बडबडी बाई. पण माझ्या चुकीबद्दल मी आजवर चारचौघांत एक वाक्य बोललेलं नाही. तुझे भाऊ कदाचित चिडतील. चुलते म्हणतील, आता कशाला. कोणी उठून जाईल. मी काय बोलणार ते चार वेळा कागदावर लिहिलं आणि चारही वेळा त्यात मला माझाच पुळका आलेला दिसला, म्हणून फाडलं. कागद घेऊन येणार नाही. अडतिसावी स्क्रीन मी केली, नोंद मी विसरले, मला कळलं तेव्हा मी लपवलं, शकीलनं काही केलं नव्हतं. एवढंच बोलेन, आणि बसेन. कोणी काही विचारलं तर उत्तर देईन, जेवायला थांबा म्हणाले तर थांबेन, नाही म्हणाले तर निघेन.

नानांनाही चल म्हटलंय. गाडी काढतात की नाही ते त्यांनी अजून सांगितलं नाही. मी वाट बघणार नाही, सकाळच्या एसटीनं येते.